गोळीनंतरचा तास

औषध मेंदूत किती शिरतं, हे मोजायची माझी नोकरी. पुण्याच्या प्रयोगशाळेत उंदराला औषध द्यायचं आणि मग त्याच्या रक्तात किती सापडलं, मेंदूत किती, ते तपासायचं. मेंदू मोठा खडूस. रक्तात रग्गड असलेलं औषधही तो आत घेईलच असं नाही.

शेवगावला घरी वडिलांना, आमच्या दादांना, कंपवात. पाय जमिनीला चिकटायचे, आवाज तर पार घशात गेलेला. ज्यांची हाक मळ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची, त्यांचं बोलणं आता तोंडाजवळ कान नेऊन ऐकावं लागे. गोळ्या वेळच्या वेळी चालू होत्या, तरी गुण दिसेना. सुट्टीत घरी गेले तेव्हा पाहिलं, आई गोळी पेलाभर म्हशीच्या दुधाबरोबर देत होती.

“अगं, दुधानं ही गोळी वाया जाते!”

“गोळ्या लई गरम पडत्यात. वर दूध नको व्हय?”

आमच्याकडे कुठलीही गोळी दुधावरच घेतात. पण दुधातली प्रथिनं आणि ही गोळी मेंदूत एकाच दारानं जातात, आणि त्या गर्दीत गोळी मागे राहते. हे ऐकून आईचं तोंड एवढंसं झालं. मग डॉक्टरांना विचारून ठरवलं, गोळी पाण्याबरोबर, दूध बऱ्याच वेळानं.

पुढे एका सकाळी फोन वाजला. “कवा येतीस?” दादांचा आवाज, खणखणीत! मी प्रयोगशाळेच्या जिन्यातच रडायला लागले. मग रोजच गोळी लागू पडली की त्यांचा फोन येई. तासभर ते पहिल्यासारखे बोलत, मग आवाज खाली खाली जाई. त्यांच्या मेंदूत औषध किती पोचलं, हे मला त्या आवाजावरूनच कळे. उरलेला दिवस मी दुसऱ्या सकाळची वाट बघत काढी.

परवा फोन आलाच नाही. घाबरून मीच केला, तर आईनं उचलला.

“आज गोळी लागली नाही का?”

“लागली की. चालत मळ्यात गेल्ते. मला म्हन्ले, तू बी चल. बांधावर बसून लई बोलले.”

“काय बोलले?”

“आमचं आमचं.” या वयात आई लाजत होती.

मला बरं वाटलं, खरंच वाटलं. पण तो तास मला हवा होता.

“दे ना त्यांना,” मी म्हणाले. तिनं फोन त्यांच्या तोंडाशी धरला. दादा काहीतरी पुटपुटले. मी फोन कानाला घट्ट दाबला, तरी एक शब्द कळला नाही.