पाना टक् म्हणाला की

आमच्या गावातल्या पुरुषांना एक खोड आहे. चाकाचा बोल्ट आवळून झाला की पान्यावर पाय देऊन उभं राहायचं. काय तर म्हणे, खात्री! रादोय्काच्या गॅरेजात मात्र कोणाची ही मिजास चालत नाही. तिचा टॉर्कचा पाना ठरलेल्या जोराला टक् म्हणाला की विषय संपला. सस्पेन्शनचे बोल्टही गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनावर उभी केल्याशिवाय ती शेवटचे आवळत नाही. हवेत आवळले तर आतलं रबर पिळवटून फाटतं. आणि पन्नासेक किलोमीटर फिरून गिऱ्हाइकाने परत यायचं, चाकं पुन्हा तपासून घ्यायला. न येणाऱ्याला ती भर बाजारात झापते. मीही खाल्लीत तिची बोलणी.

तिच्या भावाच्या, वुकाशिनच्या मुलीचं लग्न होतं. घर आणि गॅरेज एकाच अंगणात. बँड वाजत होता, राकियाचे पेले फिरत होते, वरात उझित्सेच्या चर्चला निघायची होती, आणि ही बया नव्या कपड्यांत नवरीच्या लाल गाडीपाशी गुडघे टेकून बसली. आदल्या दिवशी तिनेच आवळलेली चाकं ती पुन्हा तपासत होती.

एक बोल्ट फिरतच राहिला. टक् काही येईना.

"वुका, यावर कोण चढलं होतं?"

"मीच. बायकी आवळणीवर पोरगी पाठवू होय?"

"ताणलाय रे. घाटात तुटेल. गाडी हलणार नाही."

बँड थांबला. वुकाशिन लालबुंद झाला. "वऱ्हाडासमोर माझी अब्रू काढलीस. दुसरा बोल्ट लाव आणि बस इथेच. चर्चला येऊ नकोस."

गॅरेजात त्या मापाचा सुटा बोल्ट नव्हता. रादोय्काने स्वतःच्या गाडीचा काढून लावला. टक्. "फिरून आल्यावर..." एवढंच बोलली आणि पाना पुसायला लागली. खिडकीतून नवरी, स्ताना, बघत होती.

आम्ही गेलो. माझ्या गाडीत म्हाताऱ्या भरलेल्या, काय करणार? पण मला फार वाईट वाटलं. जिने पोरीचा जीव जपला, तीच लग्नाला नाही.

लग्न लागलं. जेवण हॉलवर होतं, पण लाल गाडी सरळ गावाकडे वळली, आणि आम्ही सगळे मागोमाग. रादोय्का अंगणात टायरवर बसली होती. स्ताना झग्याचा घोळ सावरत उतरली.

"आत्या, फिरून आलो. आवळून दे."

रादोय्काने डोळे पुसले आणि पाना भावाच्या हातात दिला. तो चाकापाशी खाली बसला. टक् झालं. सवयीने त्याचा पाय पान्याकडे उचलला गेला, आणि त्याने तो हळूच खाली ठेवला.