चंपाबाईंचा दुभाषी

"डावा खांदा उतरला असे तुझा. काय वाहतेस एवढें?"

कोनेरीराव माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी तमिळनाडूत, दारासुरममधल्या त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभी होते आणि ऐकू आलं ते मराठी आहे हे समजायलाच मला वेळ लागला. आमच्या नगरच्या चर्चमधून आम्ही नऊ विद्यार्थी मे महिन्याच्या सुट्टीत तिथे सेवेला गेलो होतो. तिथल्या चर्चच्या मुलींच्या वसतिगृहाला रंग द्यायचा, मुलींना गाणी शिकवायची, आणि शाळा उघडण्याआधी त्यांचे गणवेश शिवून व्हायला हवे होते. माझी आई शिवणकाम करते, मलाही मशीन येतं, म्हणून तिथल्या पाळकांनी मला शिंप्याच्या मदतीला धाडलं होतं.

शिंपी म्हणजे कोनेरीराव. सत्तरीचे, काटकुळे, कपाळावर बुक्क्याचा ठिपका. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या राजांबरोबर सुया घेऊन दक्षिणेत उतरले आणि तिथलेच झाले. घरात विठोबाची तसबीर, बाहेर तमिळ, आणि आत ही जुनी, नाकातून येणारी मराठी. एखादं जुनं पत्र कुणी मोठ्याने वाचावं तसं ते बोलत. मध्येच तमिळ शब्द येई. दुपारी मला विचारत, "सापाड झालें कां?" जेवलीस का, असा त्याचा अर्थ.

ते टेप वापरत नसत. पोरगी दारात आली की तिला एकदा पुढून, एकदा पाठमोरी उभी करायचे आणि खडूने थेट कापडावर रेघ ओढायचे. मी पहिल्या दिवशी त्यांच्या नकळत एकीचं माप टेपने घेऊन पाहिलं. जुळलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पटलें?" मग म्हणाले, "तोंड खोटें बोलतें, पोरी. खांदे बोलत नाहींत."

दुकानाच्या मागे एकच खोली होती. तिथून अधूनमधून हाक यायची, आणि कोनेरीराव हातातली शिवण तशीच टाकून आत जायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मलाही आत नेलं. खाटेवर त्यांची बायको, चंपाबाई, बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, आणि त्याबरोबर तमिळही गेली. जन्मभर बाजारात, शेजारी, दवाखान्यात बोललेली भाषा पार पुसली गेली. उरली ती आईकडून शिकलेली मराठी, तीही तुटकी. शेजारणी यायच्या, बसायच्या, ती काहीतरी सांगायची, त्या माना हलवायच्या, आणि हळूहळू यायच्या बंद झाल्या. त्यांच्या जातीची चार घरं पूर्वी त्याच गल्लीत होती. ती कधीच चेन्नईला गेली. या दोघांना मूलबाळ नव्हतं.

"आतां गांवांत तिचें बोलणें कळणारा मी एक," कोनेरीराव म्हणाले. "आणि हे पंधरा दिवस तूं."

त्या दिवसापासून गणवेशांची काजं-बटणं मी दुपारी चंपाबाईजवळ बसून करू लागले. ती मला माझ्या आईचं नाव रोज विचारायची. एकदा माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "तेल नाहीं कां घरीं?" मी हसले, तशी तीही हसली. कोनेरीराव मशीन थांबवून दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, काही चुकलं. ते म्हणाले, "बहुत दिसांनी हसली." आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसले.

आमच्या गटाचा प्रमुख सुहास. तो एम.एस्सी. करत होता आणि त्याची श्रद्धा अगदी तापलेली होती. चंपाबाईंबद्दल कळल्यावर तो म्हणाला, आपण सगळ्यांनी तिच्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. मला संकोच वाटला. मी भीतभीतच कोनेरीरावांना विचारलं. त्यांनी सुईत दोरा ओवून घेतला आणि मग म्हणाले, "करा. कोणच्याही देवानें ऐकलें तरी चालेल. आमच्यानें तर ऐकलें नाहीं."

नऊ जण त्या लहानशा खोलीत दाटीवाटीने उभे राहिलो. सुहास मनापासून बोलत होता. दोघी मुली रडत होत्या. मीही डोळे मिटून मागितलं, आणि तेव्हा मला खरोखर वाटलं होतं की काहीतरी होईल. आमेन म्हणून डोळे उघडले तर चंपाबाई आमच्या गर्दीला घाबरून भिंतीकडे सरकली होती. कोनेरीराव तिच्या कानाशी वाकून सांगत होते, "पाहुणे असेत. जातील आतां."

दुसऱ्या दिवशी सुहासने मला हळूच विचारलं, काही फरक आहे का? मी नाही म्हणाले. त्याने पुन्हा विचारलं नाही.

निघायच्या दिवशी वसतिगृहाच्या अंगणात एकच रडारड. मुली आमच्या हातांना चिकटल्या होत्या, वहीच्या पानांवर फोन नंबर लिहून देत होत्या, आणि आम्ही एकेकीला सांगत होतो, पुढच्या वर्षी येऊ, नक्की येऊ. मी गर्दीतून निघून दुकानात गेले. शेवटचा गणवेश इस्त्री होऊन ठेवला होता.

"येते मी," मी म्हणाले.

"जातें म्हण."

आपल्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. अशुभ वाटतं. तमिळमध्येही म्हणत नाहीत. 

"तुमच्यासारखे दर वर्षीं येतात, पोरी. चांगले असतात. येतों म्हणून जातात. मला समजतें. तिला समजत नाहीं. ती वाट पाहत बसते. म्हणून तिच्यापुढें जातें म्हण."

मी मान डोलावली आणि आत गेले. चंपाबाईने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "कधीं येशील?" तिने विचारलं. तोंडाशी आलेला शब्द मला बोलवेना. "लवकर येते," मी म्हणाले. मागे वळले तर कोनेरीराव दारात होते. त्यांनी ऐकलं होतं. ते रागावले नाहीत. बाजूला होऊन त्यांनी मला वाट दिली, एवढंच.

महिन्याभराने मी फोन केला. त्यांनी माझी परीक्षा विचारली, आईची दुखरी कंबर विचारली. मग मीच विचारलं, चंपाबाई कशा आहेत?

"दिस उगवला कीं उंबऱ्यावर बसव म्हणते. बसवतों. तुझी वाट पाहते. मी सांगतों, आज बस चुकली असेल."

"रोज सांगता?"

"रोज. ती रोज मानते."

मी पुढच्या मेमध्ये येणार होते. पुढच्या मेमध्ये आमचा गट दुसरीकडे गेला. मग मला पुण्यात नोकरी लागली. सुट्टी मिळाली तेव्हा घरी लग्न होतं. एवढ्या लांब एकटी कशी जाऊ, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. खरं तर जाता आलं असतं. फोन मात्र करत राहिले, मग कमी करत गेले.

गेल्या पौषात पाळकांचा फोन आला. कोनेरीराव मशीनवर बसल्या बसल्या गेले. पायाखाली मशीनचा पायटा, हातात कुणाच्या तरी झंपराची बाही. चेन्नईहून पुतण्या आला, त्याने सगळं रीतीने केलं, दुकान बंद केलं, आणि चंपाबाईला तिरुप्पनंदाळच्या वाटेवरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. त्यालाही मराठी येत नव्हती. मी पाळकांना म्हणाले, तुम्ही कधी तिला भेटायला गेलात तर मला फोन लावून द्या.

ते तीनेक आठवड्यांनी गेले. दुपारची वेळ होती. इंग्रजीत म्हणाले, ती तब्येतीने ठीक आहे, फक्त सारखं एकच काहीतरी पुटपुटते. इथल्या बायकांना वाटतं, ती देवाचं नाव घेते. म्हणून त्या तिला त्रास देत नाहीत. मग त्यांनी फोन तिच्या तोंडाशी धरला.

मी दोनदा हाक मारली, नाव सांगितलं. तिने मला ओळखलं नाही. ती तिचं तेच म्हणत राहिली, थकलेल्या, सपाट आवाजात.

"डोळ्यावर ऊन येतें. डोळ्यावर ऊन येतें."

मी पाळकांना सांगितलं. खाट खिडकीसमोर होती. बायकांना बोलावून त्यांनी ती सरकवून घेतली. फरशीवर लोखंडी पाय घासल्याचा आवाज मला ऐकू आला. ती गप्प झाली. एक बाई तमिळमध्ये काहीतरी बोलली आणि पाळकांनी मला तेही सांगितलं: आणलं त्या दिवसापासून ती हेच म्हणत होती.

थोड्या वेळाने चंपाबाई पुन्हा काही बोलली. या वेळी शब्द वेगळे होते, मराठीच, पण तुटके. मी फोन कानाला घट्ट लावला, पुन्हा म्हणा, म्हणाले, पण मला ते कळलं नाही. भेटीची वेळ संपली होती. पाळकांनी फोन ठेवला.