छत्रीखालचं झाड

पेंडल हिल या आमच्या परदेशातल्या उपनगरात, रेल्वे स्टेशनच्या वाटेवर एका घरापुढे दगड रचून केलेली बाग आहे. उन्हाळाभर तिथे एक काळी छत्री उघडून ठेवलेली असते. तिच्याखाली शेवाळासारखा हिरवा, गोल गोळा, आणि शेजारी स्टुलावर वसईकडच्या एक आँटी.

एका तापलेल्या दुपारी मी न राहवून फाटकापाशी थांबले.

"ये, हात लाव. चावत नाही," त्या म्हणाल्या.

उशीसारखं दिसणारं ते झाड चांगलंच टणक होतं. मूळचं थंड डोंगरावरचं, वर्षभरात जेमतेम नखभर वाढणारं, असं आँटींनी सांगितलं. मला त्याची दयाच आली. तुळशीला घालतो तसं मी बाटलीतलं पाणी वरून ओतायला गेले, तर आँटींनी माझं मनगटच धरलं.

"डोक्यावर नको गं! उकाड्यात भिजलं की आतून कुजतं. बाजूच्या खडीत घाल."

"इतका आटापिटा करण्यापेक्षा कढीपत्ता लावा ना, आँटी. इथे मस्त वाढतो."

"आहे की मागे. माझ्या मुलांसारखाच, बघता बघता छपराला लागला. त्याला आता माझी काय गरज?"

एवढं बोलून त्यांनी छत्री झाडाकडे आणखी सरकवली. स्वतः उन्हातच बसून राहिल्या.