सुब्बारावला बहीण नव्हती

रमणाचा फोन आला तेव्हा मी बेगम बाजारातून आणलेली तूरडाळ परातीत पसरून बघत होते. दुकानदार फार गोड बोलला होता, आणि गोड बोलणाऱ्याच्या पोत्यात जुना माल मिसळलेला असतो, असं माझं पक्कं मत आहे. "वदिना, सुधाकर गया," रमणा म्हणाला. माझा विश्वासच बसेना. आदल्या संध्याकाळीच भाऊजी माझ्याशी फोनवर भांडले होते, लोणच्यात मीठ कमी पडलं म्हणून. "कुणी सांगितलं तुला?" मी दरडावून विचारलं. तो म्हणाला, "मैं यहींच हूं वदिना. हाथ मेरे हाथ में है." त्यावर मी काय शंका काढणार?

सुधाकर माझे धाकटे दीर. बँकेत नोकरी, डोक्यात नाटक. रमणा त्यांचा मित्र, असं आम्ही घरात म्हणत आलो. मला तो तेलुगूत 'वदिना' म्हणतो, म्हणजे वहिनी. त्याचं नामपल्ली स्टेशनसमोर एसटीडी बूथ होतं. गल्लोगल्ली अशी पिवळी बूथं उगवली होती, तेव्हाची गोष्ट. भाऊजी रोज संध्याकाळी नांदेडच्या वन्संना फोन लावायला म्हणून तिथे जायचे. आता भावाला बहिणीची एवढी ओढ, म्हणून सासूबाई कौतुक करायच्या. मला मात्र पहिल्या आठवड्यातच वास आला, कारण वन्संकडे तेव्हा फोनच नव्हता! पुढे दोघांनी नारायणगुड्याला मिळून दोन खोल्या घेतल्या. मी देव्हाऱ्यासमोर बसून रडले, खोटं कशाला बोलू. मग एकदा भाऊजी तापाने फणफणले आणि रमणा बूथला कुलूप घालून दिवसचे दिवस त्यांच्या उशाशी बसून राहिला. त्याने केलेली मऊ भाताची पेज मी चाखून पाहिली. चांगली होती. त्यानंतर काही मी रडले नाही.

त्याच सुमारास भाऊजींनी आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक संमेलनासाठी 'ठेचा आणि गोंगुरा' नावाचं नाटक लिहिलं; गोंगुरा म्हणजे तेलुगू लोकांची लाडकी अंबाडी. एक मराठी कारकून अभय, एक तेलुगू टायपिस्ट सुब्बाराव, दोघांचं एकच स्वयंपाकघर. आधी चिंचेवरून भांडणं, मग एकमेकांचं चोरून खाणं, मग रुसवेफुगवे. दोघांच्या घरचे एकाच दिवशी मुली दाखवायला घेऊन येतात आणि हे दोघे स्वयंपाकघराला आतून कडी लावून बसतात. बाहेर दोन्हीकडचे मामा दार बडवताहेत, आत सुब्बाराव अभयला आपल्या हाताने घास भरवतोय... पडदा. लोक पोट धरधरून हसले. माझ्या शेजारच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी लगेच त्यांच्याकडे रोखून पाहिलं, तर म्हणाल्या, "मिरचीची फोडणी दिली ना स्टेजवर, तिचा ठसका लागला हो." स्टेजवरची शेगडी पुठ्ठ्याची होती.

आमच्या मंडळाची एक रीत आहे. नाटकानंतरच्या रविवारी चहा-चिवड्याबरोबर चर्चा होते, आणि लेखकाने समोर खुर्चीवर गप्प बसायचं. उत्तर द्यायचं नाही. शेवटी उठून 'आभारी आहे' एवढंच म्हणायचं. वाद होऊन मंडळ फुटू नये म्हणून जुन्या लोकांनी घालून दिलेली शिस्त ती. त्या रविवारी उमरीकरसर बोलायला उठले. मराठीचे प्राध्यापक, आमच्यात ज्यांचा शब्द शेवटचा, असे समीक्षक. "भाषिक सलोख्याचं इतकं रुचकर नाटक मी पाहिलं नाही," ते म्हणाले. टाळ्या. मग एकामागून एक सगळे तेच बोलले. कुणाला त्यात भाषावार प्रांतरचनेचं दुःख दिसलं, कुणाला शेजारधर्म. मंडळाच्या पाक्षिकात तर 'राष्ट्रीय एकात्मतेचा खमंग फराळ' असा मथळा आला! शेवटी सरांनी एकच दोष काढला. "शेवट लोंबकळतो. सुब्बारावला एक बहीण द्या. अभयचं तिच्याशी लग्न लावा. मग हे नाटक आपण पुण्याच्या स्पर्धेला पाठवू." सभागृहाने माना डोलावल्या. सुब्बारावच्या बहिणीचं नाव काय ठेवावं, तिला मराठी यावं की न यावं, इथपर्यंत गाडी गेली. भाऊजी खुर्चीच्या कडेला बसून होते. उठले, "आभारी आहे" म्हणाले, बसले.

त्यांनी बहीण दिली नाही. नाटक पुण्याला गेलं नाही. लेखकाच्या डोक्यात हवा गेली, असं लोक म्हणाले. पुन्हा नाटक लिहिलंही नाही त्यांनी. मी एकदा नारायणगुड्याला जाऊन त्यांना चांगलं फैलावर घेतलं. "हाऊसफुल्ल गेलं की हो, भाऊजी! रुसायला काय झालं?"

"पडलं ते, वहिनी," ते म्हणाले. "हजारदा हसले, पण एकालाही कळलं नाही."

"मला कळलं."

"तुमचं धरत नाही मी. तुम्ही देवाच्या नैवेद्यावरसुद्धा संशय घेता." आणि हसले. पण पुढे हळू आवाजात म्हणाले, "एकाने तरी शिव्या द्यायच्या होत्या हो. शिव्या दिल्या असत्या तर कळलं असतं की पाहिलं यांनी." हे ते नंतरही अधूनमधून बोलायचे. सणाला घरी आले की, पान जमलं की, कुणी नाटकाचा विषय काढला की... "माझं नाटक कुणी पाहिलंच नाही."

परवा मंडळाने शोकसभा ठेवली. घरच्यांसाठी पुढच्या खुर्च्या होत्या आणि रमणा आपला शेवटच्या रांगेत, दाराशी. मी उठले, सगळ्यांदेखत त्याचं मनगट धरलं आणि त्याला माझ्याशेजारी आणून बसवलं. कुणी हूं की चूं केलं नाही. कुणाला आश्चर्यही वाटलं नाही, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. सभा संपल्यावर मी थकलेल्या उमरीकरसरांना जिन्यात गाठलं. "सर, खरं सांगा. त्या नाटकात तुम्हाला सलोखाच दिसला होता?"

सर काठीवर भार देऊन उभे राहिले. "वहिनी, कळलं होतं हो. पहिल्या अंकातच कळलं. सगळ्यांनाच कळलं होतं. मी तसं बोललो नसतो तर कुणीतरी भलतं बोललं असतं, आणि पोराची नोकरी, घर... झाकली मूठ राहू दिली आम्ही."

"मग त्यांच्या कानात एकदा सांगायचं होतं!"

"मला वाटलं, आपण सांभाळून घेतलं हे त्याला कळलं असेल," सर म्हणाले, आणि एकेक पायरी उतरत गेले.

मागे रमणा उभा होता. मराठी त्याला भाऊजींमुळे सगळी कळते. चेहरा पार उतरला होता. "झूट बोलता वो बुड्ढा," तो म्हणाला. "हौ ना, वदिना? कुणाला मालूम नव्हतं. मालूम असतं तर एवढ्या सालांत कुणी तरी बोललं असतं ना सुधाकरला?"

जन्मभर मी लोकांच्या खऱ्याला खोटं म्हणत आले. आता त्याचा हात हातात घेऊन म्हटलं, "हो रे बाबा. खोटंच बोलताहेत ते."

पण सर खरं बोलत होते.