स्टेशनावर खुंटी नाही

बायकोच्या अस्थी घेऊन मी नाशिकले निघालो होतो. पोरगा पुण्याहून परस्पर तिथं येणार होता. भावकीतल्या म्हाताऱ्यानं मडकं लाल फडक्यात बांधून बजावलं होतं, ते नदीपर्यंत भुईले टेकवायचं नाही, बाकावरही नाही. टांगूनच ठेवायचं. मी हो म्हणून बसलो. अकोल्याच्या एवढ्या मोठ्या स्टेशनावर टांगाले जागा नसंल, हे कोणाच्या ध्यानात येते?

दारातच पोलीसबाई आडवी आली. "बाबाजी, गाठोडं मशीनवर ठेवा."

"नाही ठेवत."

"काऊन? काय हाये त्यात?"

"बायको हाये."

तिनं लाल फडक्याकडे पाह्यलं अन् हात जोडले. "जा बाप्पा."

आत फरशी अशी चकचकीत, की आपलंच तोंड दिसावं. सरकता जिना, लिफ्ट, रंगीत पाट्या. भिंतीले मात्र एक खिळा नाही. अन् मी जुन्या खोडीनं दोन तास आधी येऊन बसलेलो. हाताले मुंग्या आल्या.

लग्नानंतर अकोटहून छोट्या रुळाच्या गाडीनं ती याच स्टेशनावर उतरली होती. कोळशाचं इंजन. नव्या लुगड्यावर काजळी बसली, तर घरापर्यंत माझ्यावरच फणफणली, जसं इंजन मीच हाकलत होतो. तवा छोट्या गाडीच्या फलाटावर कडुलिंब होता. त्याले लोकांच्या शिदोऱ्या टांगलेल्या असत, एकदा तर लेकराची झोळी पाह्यली. पत्र्याखालच्या लाकडी खांबाले खुंट्या होत्या. मग डिझेल आलं, मोठ्या लाइनीवर तारा आल्या. फलाट वाढवला तवा कडुलिंब गेला. मग छोटी गाडीच बंद पडली, रूळ उपटले, अन् अकोटले जाताना किती तरी वर्षं एस्टीत आमची हाडं खिळखिळी झाली. आता तिथंही मोठी लाइन झाली. दरवेळी लोक म्हणत, स्टेशन सुधारलं. ही म्हणे, "सुधारलं, मंग सावली कुठी गेली?"

समोर एक भाजीवाली टोपल्याजवळ बसली होती. मी गाठोडं या हातातून त्या हातात घेताना पाहून म्हणे, "मांडीवर घ्या ना, बाबाजी."

"जितेपणी कधी बसली नाही मांडीवर, आता काय बसते!"

ती पदर तोंडाले लावून हसली. मग तिले फडकं उमगलं अन् तोच पदर तिनं डोक्यावर घेतला.

मले लघवीले जायचं होतं, अर्ध्या तासापासून. हिले घेऊन तिथं कसा जाऊ? भाजीवालीलेच समजलं. "द्या इकडं. टेकवत नाही मी."

परक्या बाईच्या हाती बायको देऊन मी पळालो. परत आलो तर ती उभी होती, हात लांब धरून, अन् मडक्याशी बोलून राहिली होती, "बस झालं माय, आलाच तुमचा बुढा."

मले रागच आला. माझा मलेच. बायको गेली त्या दिवसापासून मी तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो, अन् ही कोण कुठली बाई बोलून राहिली होती.

गाडी लागली. मडकं घेऊन चढताना म्हणलं, "पाय सांभाळ."

डब्यात खिडकीजवळ एक खुंटी होती. तिच्यावर कोणाची पाण्याची बाटली.

"काढा," म्हणलं.

तो माणूस म्हणे, "काका, ही माझी शीट आहे."

"असंल. खुंटी हिची हाये."