बावीस टनांचा रिकामा कंटेनर

युरोपातल्या एका सरकारी रेल्वे मालवाहतूक कंपनीने मला फसवलं. माझे दाजी म्हणतात, मी त्यांना फसवलं. कंपनीचं नाव लिहिलं होतं, पण या ग्रुपच्या अ‍ॅडमिनने काढायला लावलं. असो.

इथे लोक पांढऱ्या साडीतली बाई, मागून आलेली हाक वगैरे लिहितात, ते वाचून मी आजवर हसत आलो. सोळाव्या वर्षी सांगलीच्या एमआयडीसीत लेथवर उभा राहिलो, मग वीस वर्षं शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात दुसऱ्यांच्या मशिनी चालवल्या. मायक्रोमीटर दाखवेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, असं मानणारा मी माणूस. आणि माझी वाट लागली ती मापानेच.

२००८ संपता संपता दुबईतली बांधकामं थांबली. सुधाकर दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एका बिल्डरकडे इंजिनीयर होते. एका गुरुवारी दुपारी त्यांच्या हातात पत्र दिलं, खलास. मी मात्र खूश होतो, खोटं कशाला बोलू? तिकडे युरोपात कारखाने बंद पडत होते आणि मशिनी मातीमोल विकल्या जात होत्या. जहाजांचे शाफ्ट टर्न करायचा एक मोठा लेथ मला सापडला. तसा लेथ शारजाच्या हमरिया बंदरात कुणाकडे नव्हता. दाजींनी आपली सगळी ग्रॅच्युइटी घातली, मी माझं होतं नव्हतं ते घातलं, आणि तिथल्याच फ्री झोनमध्ये आम्ही शेड घेतली.

लेथ आणायला मी स्वतः गेलो. कारखान्याच्या आवारातच रूळ होते. तिथून बंदरापर्यंत न्यायचं काम या रेल्वे कंपनीचं, कंटेनरही त्यांचाच. त्यांच्या ऑफिसातली बाई म्हणाली, आमचा माणूस माल मोजेल, फोटो काढेल, रिपोर्ट देईल — तीनशे युरो. मी म्हटलं, मी इथे उभा आहे ना? तुमचा माणूस माझ्यापेक्षा वेगळं काय बघणार? वजन करा, ते फुकट आहे. दोन तास घासाघीस केली. शेवटी तिने माझ्या अटीवर लिहून दिलं : सील शाबूत असेल आणि वजन जुळत असेल, तर माल पोचला असं धरायचं. मी लगेच दाजींना फोन लावला. "वाचवले तीनशे!" ते म्हणाले, "तू म्हणजे अवघड आहेस बाबा." कौतुकाने म्हणाले हो!

लेथ माझ्या डोळ्यांदेखत आत गेला. सील लागलं, त्याचा नंबर मी वहीत लिहिला. वजन कंटेनरसकट बावीस टन सहाशे चाळीस किलो.

पाच आठवड्यांनी कंटेनर हमरियात आला. गेटवरच्या वजनकाट्याने ट्रेलर वजा करून आकडा दिला : बावीस टन सहाशे चाळीस. सील तेच, नंबर तोच.

ठरलं असं होतं की दाजी दुबईतल्या अल मनखूलहून नारळ आणि हार घेऊन येणार आणि मगच दार उघडायचं. पण ते शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. इकडे क्रेनचं भाडं तासाला तीनशे दिरहम... म्हणजे जवळजवळ चार हजार रुपये, नुसतं उभं राहायचे! क्रेनवाला गुल खान म्हणाला, "यल्ला सेठ, नारियल बाद में फोड़ना."

मी सील कापलं.

आत काही नव्हतं. भर दुपार, दोन्ही दारं सताड उघडी, लाकडी जमीन शेवटच्या पत्र्यापर्यंत स्वच्छ दिसत होती. तेलाचा डाग नाही, की साखळदंडाचा ओरखडा नाही. गुल खानने डोकं आत घातलं. "सेठ, युरोप से हवा मंगवाया क्या?" मी त्याची कॉलर धरली. मग सोडली, कारण माझी नजर ट्रेलरच्या टायरांवर गेली. भरल्या ओझ्याखाली दबतात तसे ते दबलेले होते. मी पत्र्यावर मूठ मारली. रिकामा डबा ढणढणतो. हा ठप्प वाजला.

ट्रेलर तसाच पुन्हा काट्यावर नेला. बावीस टन सहाशे चाळीस.

काट्यावरचा मल्याळी म्हणाला, "ये खाली नहीं है, साब. खाली का चार टन भी नहीं होता." मी दार उघडून दाखवलं. तो आत शिरला, टोकापर्यंत चालत गेला, परत आला. पुन्हा वजन केलं, स्लिप माझ्या हातात ठेवली. "मेरा काम वेट देखने का है, अंदर देखने का नहीं. खलास."

तेवढ्यात दाजी पोचले. हातात नारळाची पिशवी होती.

"थांबला नाहीस?" त्यांनी विचारलं. मग आत पाहिलं. मी स्लिपा दाखवल्या, मोबाइलवर लेथ चढवतानाचे फोटो दाखवले. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं. इंजिनीयर माणूस.

"विष्णू, आत गेला हे फोटोत आहे. इथवर आला हे काट्यावर आहे. सील तू कापलंस. मग मशीन कुठाय?"

"मला काय माहीत!"

"मी येईपर्यंत का थांबला नाहीस?"

"दाजी, तासाला तीनशे दिरहम!"

"हां. ते वाचवलेस."

त्यावर मी त्यांच्या गेलेल्या नोकरीवरून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रेल्वे कंपनीला फोन केला. तीच बाई. "सर, सील ओके, वेट ओके. युवर ओन कंडिशन, सर." आता कंटेनर रिकामा करून परत द्या, म्हणाली. डेपोत नेला, तर त्यांनी उचलून पाहिला आणि म्हणाले, भरलेला आहे, रिकामा करून आणा. उघडून दाखवला तरी नाही घेतला. विम्याचा माणूस आला, त्याने कागद वाचले आणि हळूच विचारलं, "बेचा किसको?" प्रत्येकाकडे एक एक कागद होता आणि प्रत्येक कागद बरोबर होता!

दोन वर्षं तो डबा शेडबाहेर उभा राहिला. मी पुन्हा दुसऱ्याच्या लेथवर नोकरी धरली. दर महिन्याला कंटेनर काट्यावर न्यायचो. आकडा हलला नाही. मी आत उभा राहिलो की माझे ऐंशी किलो तेवढे वाढायचे. म्हणजे काट्यात दोष नव्हता.

दाजी मात्र बघायला येत नव्हते. स्लिपा काय, कुणीही छापेल, म्हणायचे. शेवटी २०११मध्ये पुण्याला परत जायला त्यांनी इथलं घर आवरलं, तेव्हा ताई हट्टाला पेटली. "जायच्या आधी एकदा त्याच्यासमोर उभं राहून वजन बघा. तेवढं माझ्यासाठी करा."

आले. काट्यावर आता नवीन माणूस होता, जुना केरळला परत गेलेला. दाजी त्याच्या खिडकीशी उभे राहिले. मी ट्रेलर चढवला, आणि चढवतानाच मला कळलं. फार हलका चढला तो.

तीन टन आठशे.

मी खाली उतरून पत्र्यावर मूठ मारली. ढण्ण. पुन्हा मारली. मी वेड्यासारखा मारत राहिलो. दाजींनी स्लिप घेतली, नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "रिकाम्याचं एवढंच असतं."

गाडीत बसलेल्या ताईने काच खाली केली नाही.

पुढच्या आठवड्यात डेपोने कंटेनर मुकाट घेतला. रेल्वे कंपनीचा मेल आला : रिकामा व सुस्थितीत मिळाला, फाइल बंद. ते एकोणीस टन दोन वर्षं कुठून येत होते आणि गेले कुठे, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. लिंबू-मिरची सुचवू नका. भौतिकशास्त्र शिकवायचं असेल तर आधी त्या काट्यावर येऊन उभे राहा.

आता पुण्याला फोन लावला की भाची उचलते. "मामा, मम्मा इज बिझी. कॉल लेटर, ओके?" नऊ वर्षांची पोर, पण खोटं बोलताना आवाज अडखळतो तिचा.

मला लेथ नको, भरपाई नको. कुणीतरी तो डबा रुळांवरून ओढत नेला, कुणीतरी त्याचं वजन लिहून सही केली, आणि कुणीतरी ऑफिसात बसून फाइल बंद केली. एवढी मोठी सरकारी कंपनी, निम्म्या युरोपभर गाड्या पळवते, तिच्यात एक माणूस निघत नाही? सुधाकर दाजींना एक ओळ लिहा, की बंदरापर्यंतचा हिशोब आम्हालाही लागत नाही, आणि विष्णूने काही चोरलं नाही. खाली नाव लिहा, सही करा. कोण करणार? मी विचारतोय — कोण?