काचेच्या बरणीतला खडा

पाऊस सरला की आमच्या स्वयंपाकघरात ओल्या जांभ्याचा आणि धुराचा मिसळलेला वास दिवसभर रेंगाळतो, आणि दुपारचं तिरपं ऊन चुलीमागच्या फळीवरच्या काचेच्या बरणीत उतरतं. तिथे, खाऱ्या पाण्यात, दोऱ्याला टांगलेला मिठाचा खडा आहे. तो माझ्या यजमानांनी लावला. दिवसा ते मासिकासाठी ग्रहणांवर, जंतूंवर, भरती-ओहोटीवर लिहीत, आणि संध्याकाळी मांडवीच्या वाळूत सभा घेत. लिहिलेलं आधी मला वाचून दाखवत; चौथी शिकलेल्या बाईला कळलं तर सगळ्यांना कळेल, असं त्यांचं म्हणणं.

मिठाच्या सत्याग्रहातलं मूठभर मीठ त्यांनी घरी आणलं, त्याचं दाट पाणी केलं आणि दोरा सोडला. "हलवू नका दोघी. पाणी उतरलं की खारं पाणी अलगद घाला. बोराएवढा झाला की मी आलोच," मला नि सासूबाईंना म्हणाले, आणि दुसऱ्या सकाळी पकडले गेले. झडतीच्या शिपायाने बरणीकडे बोट दाखवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "कैऱ्यांचा खार तो. कैऱ्या संपल्या, खार उरलाय. वाढू पेजेबरोबर, दादा?" तो हसून गेला.

हे परत आले नाहीत. तुरुंगातल्या तापातून उठलेच नाहीत. मग बरणीला हात लावायचं मला धैर्य होईना. पाणी आटेल, खडा उघडा पडेल आणि त्यांचं चालू राहिलेलं शेवटचं काम थांबेल, याच्या धास्तीत मी दिवस काढत होते. पण पाणी आटेना, खडा वाढतच राहिला. कारण सापडलं की भूत जातं, असं त्यांनीच एका लेखात लिहिलं होतं. तरी भाकरी थापताना पाठीमागे त्यांचं खाकरणं ऐकू येई, आणि मी वळत नसे, वळले तर कोणी नसेल म्हणून.

एके दुपारी विहिरीवरून लवकर परतले. सासूबाई फळीपाशी उभ्या होत्या. पळीतलं खारं पाणी बरणीत सोडत पुटपुटत होत्या, "बोराएवढा झाला रे बाबा. ये आता."

मी घागर न वाजवता मागे फिरले. कारण सापडलं होतं.

संध्याकाळी चूल फुंकताना ते खाकरणं पुन्हा ऐकू आलं. मी वळले नाही. पण समोर तांदूळ निवडणाऱ्या सासूबाईंचे हात थांबले, आणि त्यांनी हळूच मान वर केली.